ताकदीची सुई : एक आरोग्यपाठ

स्मरणिका म्हटली की तीत संस्थेचा इतिहास, देणगीदारांचे ऋणनिर्देश, गुणवंतांची छायाचित्रे आणि माजी विद्यार्थ्यांच्या आठवणी असाव्यात, अशी रीत आहे. त्या रीतीत न बसणारा हा पाठ आम्ही येथे देत आहोत. 'आम्ही' म्हणजे वसतिगृहाची जबाबदारी सांभाळणारे दोन शिक्षक, आरोग्यकक्षाच्या परिचारिकाताई आणि याच वसतिगृहात वाढून पुढे रुग्णालयात नोकरीस लागलेले तीन माजी विद्यार्थी. संपादक मंडळाने प्रथम या विषयास नकार दिला होता. शुभप्रसंगीच्या अंकात व्यसनाचा विषय कशाला, असे त्यांचे म्हणणे होते. पुढील हकीकत ऐकल्यावर त्यांनी होकार दिला.

आमचा एक विद्यार्थी बारावीनंतर पोलीस भरतीच्या तयारीसाठी तालुक्याच्या गावी खोली करून राहिला. उंचापुरा, कबड्डीत तरबेज. रविवारी वंदनेला येई आणि वंदना आटोपली की लहान मुलांबरोबर मैदानात खेळे. भरतीच्या शारीरिक चाचणीत सोळाशे मीटर धावण्याला मोठे गुण असतात आणि त्याचे काही सेकंद कमी पडत होते. व्यायामशाळेत कोणीतरी त्याला 'दम टिकवणारी' सुई सांगितली. पाच मित्रांत मिळून एक बाटली येई आणि बहुधा एकच सिरिंज असे. वर्षभराने त्याच्या मांडीत गळू झाले आणि पाठोपाठ ताप सुरू झाला. गावात तो ताप टायफॉइडचा समजून तीन आठवडे सलाईन लावण्यात आले. जिल्ह्याच्या ठिकाणी सोनोग्राफीसारखी हृदयाची तपासणी झाली, तेव्हा हृदयाच्या झडपेवर जंतूंचा थर चढलेला दिसला. सहा आठवडे शिरेतून प्रतिजैविके द्यावी लागली. त्याच मुक्कामात रक्तात हिपॅटायटिस-सी आढळला.

त्याचे वडील शेतमजुरी करतात. रुग्णालयाच्या पायरीवर बसून ते आम्हांला म्हणाले, "सर, रिकाम्या बाटल्या मला घरात दिसल्या होत्या. पण सुई तर डॉक्टर देतात. तिच्यात वाईट काय असणार? ताकदीचं औषध असंल, असं वाटलं."

हे वाक्य आम्ही विसरू शकलेलो नाही. दारूची बाटली घरात सापडली असती, तर त्या माणसाने आकाशपाताळ एक केले असते. सुईविषयी मात्र त्यांच्या मनात शंकाच आली नाही, कारण सुईवरचा विश्वास आपण सर्वांनीच त्यांना शिकवला आहे. आपल्या खेड्यापाड्यांत गोळ्या लिहून देणारा डॉक्टर कच्चा आणि सुई देणारा डॉक्टर पक्का समजला जातो. अशक्तपणा वाटला की 'एक सलाईन लावा' असे रुग्णच सांगतो. वस्तुतः सलाईनच्या बाटलीत मुख्यत्वे पाणी आणि मीठ, फार तर थोडी साखर असते. तोंडाने पिता येत असेल, तर त्याहून अधिक पोषण भाताच्या पेजेत मिळते. तरीही सुई म्हणजे ताकद हा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. ज्या घरात तो रुजला आहे, त्या घरातील मुलाला 'सुई घे, दम वाढेल' हे सांगणे फार सोपे जाते.

या समजुतीचा इतिहास पाश्चात्त्य देशांतही आढळतो. पोकळ सुईने शरीरात औषध घालण्याचा प्रयोग १८४४ मध्ये डब्लिन येथे फ्रान्सिस रिंड यांनी केला. १८५३ मध्ये एडिंबरा येथील अलेक्झांडर वुड आणि फ्रान्समधील शार्ल प्रावाझ यांनी सिरिंज सिद्ध केली. सुरुवातीपासून सुईतून जे औषध सर्वाधिक दिले गेले, ते अफूपासून काढलेले मॉर्फिन होते. पोटातून गेलेल्या अफूची भूक लागते, सुईने दिलेल्या औषधाची लागणार नाही, असे त्या काळचे अनेक वैद्य प्रामाणिकपणे मानीत. प्रत्यक्षात नेमके उलटे घडले. सुईने व्यसन अधिक वेगाने जडले आणि हे ध्यानात येईतो एक पिढी त्यात सापडली.

असे का होते, हे समजण्यासाठी शरीराच्या रचनेकडे पाहावे लागते. आपण जे खातो-पितो ते जठर आणि आतडे ओलांडून आधी यकृतात जाते. तेथे त्याची छाननी होते, काही भाग निकामी केला जातो आणि उरलेले हळूहळू रक्तात मिसळते. विषारी पदार्थ पोटात गेला, तर उलटी होऊन तो बाहेर पडू शकतो. त्वचा ही दुसरी तटबंदी आहे. असंख्य जंतू तिच्यावर वावरतात, पण आत शिरू शकत नाहीत. सुई या दोन्ही तटबंद्या एकाच क्षणी ओलांडते. शिरेत गेलेले औषध काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते. उलटी करून ते काढता येत नाही, मात्रा चुकली तर मागे घेता येत नाही. रुग्णालयात हाच वेग प्राण वाचवतो. तेथे मात्रा मोजलेली असते, औषध निर्जंतुक असते आणि काही बिघडले तर सावरण्यासाठी माणसे व साधने शेजारी असतात. खोलीत, व्यायामशाळेच्या मागच्या बाजूस किंवा रेल्वेच्या रुळांलगत यांपैकी एकही गोष्ट नसते.

इंजेक्शन त्वचेखाली, स्नायूत किंवा शिरेत दिले जाते. या तिन्ही मार्गांचा गैरवापर होतो आणि प्रत्येकाची हानी वेगळी आहे. त्वचेखाली व स्नायूत अस्वच्छ सुई गेली की गळू होते. आतला पू वर दिसत नाही म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते आणि तो खोलवर पसरतो. शिरेत वारंवार टोचल्याने शिर सुजते, दोरीसारखी टणक होते व शेवटी बंद पडते. मग व्यसनी माणूस दुसरी, अधिक खोल शिर शोधू लागतो आणि तेथे रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. ती गुठळी सुटून फुप्फुसात अडकली, तर मृत्यू येऊ शकतो. चुकून रोहिणीत औषध गेले, तर त्या अवयवाचा रक्तपुरवठा तुटून बोटे, प्रसंगी हात काढावा लागतो. तोंडाने घेण्याच्या गोळ्यांत खडूसारखे भरण असते. त्या पाण्यात मिसळून टोचल्या जातात तेव्हा ते विरघळत नाही आणि त्याचे कण फुप्फुसातील बारीक वाहिन्यांत जाऊन बसतात. आणि त्वचेवरचे जंतू थेट रक्तात मिसळले की ते हृदयाच्या झडपेवर घर करतात. आमच्या विद्यार्थ्याचे हेच झाले. जिन्याच्या चार पायऱ्या चढताना आज त्याला थांबावे लागते.

यापेक्षा मोठा धोका दुसऱ्याच्या रक्ताचा आहे. वापरलेल्या सिरिंजमध्ये डोळ्यांना न दिसणारे रक्त उरते. एड्सचा विषाणू, म्हणजे एचआयव्ही, तसेच हिपॅटायटिस-बी व सी हे तिन्ही त्या थेंबाबरोबर प्रवास करतात. बाधित सुई एकदा टोचली गेली, तर एचआयव्ही लागण्याची शक्यता हजारात सुमारे तीन, हिपॅटायटिस-सीची शंभरात साधारण दोन आणि लस न घेतलेल्या व्यक्तीस हिपॅटायटिस-बीची शंभरात तीसपर्यंत, असे रुग्णालयीन कर्मचाऱ्यांना झालेल्या अपघातांच्या अभ्यासांतून दिसते. हजारात तीन हा आकडा ऐकून निश्चिंत होऊ नये. जो दिवसातून दोनदा सुई घेतो त्याच्या आयुष्यात हा डाव वर्षभरात सातशे वेळा खेळला जातो. हिपॅटायटिस-बीचा विषाणू शरीराबाहेर सात दिवस टिकतो. हिपॅटायटिस-सीचा विषाणू काही प्रकारच्या सिरिंजमध्ये दोन महिन्यांपर्यंत जिवंत राहू शकतो, असे प्रयोगशाळेत आढळले आहे. नळाखाली धुतली म्हणजे सुई स्वच्छ झाली, या समजुतीला म्हणूनच काही अर्थ नाही. आपली सुई वेगळी ठेवली, पण बाटली सर्वांची एक असली, तरीही धोका उरतोच. वापरलेली सुई बाटलीत शिरली की बाटली दूषित झाली.

हे किती वेगाने पसरते, याचा पुरावा आपल्याच देशात आहे. मणिपूर राज्य म्यानमारच्या सीमेवर आहे आणि तेथे हेरॉइन सुईने घेण्याचे प्रमाण १९८० च्या दशकात वाढले. १९८९ मध्ये सुई घेणाऱ्यांच्या तपासणीत एचआयव्ही नव्हता. पुढील काही महिन्यांतच हे प्रमाण शून्यावरून जवळजवळ निम्म्यापर्यंत गेले. एका सुईभोवती बसणाऱ्या मित्रमंडळींनी मोठी साथ उभी केली आणि तिचे दुःख पुढे त्यांच्या पत्नींनी व मुलांनी भोगले. दुसरे उदाहरण गुजरातमधील मोडासा परिसराचे. तेथे २००९ मध्ये हिपॅटायटिस-बीची साथ आली, ती व्यसनातून नव्हे, तर दवाखान्यांतून पुन्हा पुन्हा वापरल्या गेलेल्या सिरिंजमधून. विषाणूला सुई कोणाच्या हातात आहे याच्याशी कर्तव्य नसते.

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेले राष्ट्रीय सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे साडेआठ लाख लोक सुईने अमली पदार्थ घेतात. त्यांतील बहुतेक हेरॉइन किंवा अफूवर्गीय औषधे घेणारे आहेत. आमच्या विद्यार्थ्याने घेतले ते मात्र या वर्गातले नव्हे, आणि पालकांनी येथे विशेष लक्ष द्यावे. मेफेंटरमाइन हे शस्त्रक्रियेच्या वेळी, कमरेत भूल दिल्यावर रक्तदाब घसरला तर तो वर आणण्यासाठी वापरण्याचे औषध आहे. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. तरीही व्यायामशाळांभोवती त्याचा चोरटा व्यापार चालतो. पुण्यात पोलिसांनी आणि अन्न व औषध प्रशासनाने अशा बाटल्या अनेकदा पकडल्या आहेत. या औषधाने स्नायूंची शक्ती वाढत नाही. ते हृदयाला चाबूक मारते आणि थकव्याची जाणीव दडपते. थकवा ही शरीराने दिलेली सूचना आहे. ती बंद केली की मुलगा धावतच राहतो आणि हृदय मात्र आतून हरत असते. रक्तदाब भडकणे, ठोके अनियमित होणे, झोप उडणे हे परिणाम तर होतातच. शिवाय सवय जडते, मात्रा वाढत जाते, आणि काहींना विनाकारण संशय येणे, कानांत आवाज ऐकू येणे इथपर्यंत मानसिक बिघाड झाल्याचे मनोविकारतज्ज्ञांनी नोंदवले आहे. 'हे काही गर्द नाही' असे म्हणून मुले स्वतःची समजूत घालतात. आमच्या विद्यार्थ्यानेही घातली होती. स्वतःस तो शेवटपर्यंत व्यसनी समजत नव्हता. तो स्वतःस खेळाडू समजत होता.

आता आमच्या दोषाविषयी. त्याच्या आजाराच्या आठ-नऊ महिने आधी नववीतला एक मुलगा अधीक्षकांच्या खोलीत आला आणि म्हणाला, "सर, दादा सुई घेतात. मी पाहिलं." आम्ही त्याला खाली बसवले, पाणी दिले आणि बाहेर कोठे बोलू नकोस, असे बजावले. संस्थेला अनुदान मिळण्याचे ते दिवस होते. तो विद्यार्थी आता आपल्या पटावर नाही, हेही आम्ही एकमेकांस सांगितले. कोणी त्याच्या खोलीवर गेले नाही. दर पौर्णिमेला आम्ही पंचशील ग्रहण करतो. त्यातील पाचवे शील मादक पदार्थांपासून दूर राहण्याचे आहे आणि ते आम्ही मुलांकडून न चुकता म्हणवून घेतो. पण ते शील मोडलेल्याचे काय करायचे, हा प्रश्न आम्ही कधी वर्गात घेतलाच नव्हता.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. एक भिक्खू पोटाच्या विकाराने आपल्याच मलमूत्रात पडून होता आणि सोबतचे भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते, कारण तो त्यांच्या कोणत्याच उपयोगाचा उरला नव्हता. तथागतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले, स्वतः त्याला धुतले आणि दोघांनी मिळून उचलून मंचकावर ठेवले. त्यानंतर इतर भिक्खूंना एकत्र बोलावून जाब विचारला. हा प्रसंग आम्ही कितीदा तरी मुलांना सांगितला आहे.

व्यसन हा मेंदूचा दीर्घकालीन आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. अफूवर्गीय पदार्थांच्या व्यसनासाठी सरकारी केंद्रांत ब्युप्रेनॉर्फिनची जिभेखाली ठेवायची गोळी किंवा मेथाडोन देखरेखीखाली दिले जाते. त्यामुळे तळमळ थांबते, सुई सुटते आणि माणूस कामावर जाऊ शकतो. एका व्यसनाऐवजी दुसरे लावले, अशी टीका काही जण करतात. आमच्या मते ती अन्यायाची आहे. मधुमेही माणसाला रोज औषध घ्यावे लागते म्हणून त्याला कोणी व्यसनी म्हणत नाही. ज्यांची सुई अद्याप सुटलेली नाही त्यांना नव्या निर्जंतुक सुया देण्याची व्यवस्थाही राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात आहे. हे ऐकून पालक दचकतात. पण मणिपूरमध्ये जे घडले ते पाहता, जिवंत आणि निरोगी राहिलेला मुलगाच उद्या व्यसन सोडू शकतो, एवढे तरी मान्य करावे लागेल. मेफेंटरमाइनच्या सवयीला मात्र ब्युप्रेनॉर्फिनची गोळी लागू पडत नाही. तेथे मनोविकारतज्ज्ञाची देखरेख, समुपदेशन आणि हृदयाची तपासणी हाच मार्ग आहे.

मुलावर गुन्हा दाखल होईल, या भयाने अनेक घरे गप्प बसतात. अमली पदार्थविषयक १९८५ च्या कायद्यातील कलम ६४-अ अन्वये, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणात बाळगण्याचा आरोप असलेला व्यसनी स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल, तर त्याला त्या खटल्यापासून संरक्षण मिळते; उपचार मात्र पूर्ण करावे लागतात. एचआयव्हीविषयी २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे. त्यानुसार रुग्णाची माहिती त्याच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही, अपवाद मोजकेच आहेत. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि एचआयव्हीसंबंधी १०९७ हे राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहेत.

घरातल्या माणसांनी काय पाहावे? उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा सदरा, दंडावर वा मांडीवर गाठी, वरचेवर हरवणारे पैसे, स्नानगृहात जाणारा लांब वेळ, रिकाम्या बाटल्या, सुईची टोपणे. यांतले एखादे चिन्ह निर्दोषही असू शकते, म्हणून पहिला प्रश्न आरडाओरड्याने विचारू नये. सुईनंतर आलेला ताप, थरथर, छातीत दुखणे किंवा एखादे बोट काळेनिळे पडणे, यांपैकी काही असेल तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. डॉक्टरांना सुईची गोष्ट स्पष्ट सांगावी. आमच्या विद्यार्थ्याचे तीन आठवडे ती न सांगितल्यामुळे गेले. कोणी बेशुद्ध पडला, श्वास मंदावला, ओठ निळे झाले, तर त्याला कुशीवर वळवावे, १०८ ला बोलवावे आणि एकटे सोडून पळू नये. अफूवर्गीय औषधांची मात्रा अधिक झाल्यास नॅलॉक्सोन हा उतारा रुग्णालयात असतो. व्यसनमुक्ती केंद्रातून किंवा तुरुंगातून परतलेल्या माणसाला मृत्यूचा धोका सर्वाधिक असतो, हेही ध्यानात असावे. शरीराची सहनशक्ती उतरलेली असते आणि तो मात्र जुनीच मात्रा घेतो.

दुसऱ्याची सुई टोचली गेली असेल, तर बहात्तर तासांच्या आत, आणि जितक्या लवकर तितके चांगले, सरकारी रुग्णालयात गेल्यास अठ्ठावीस दिवसांचे प्रतिबंधक औषध सुरू करता येते. पहिली तपासणी निर्दोष आली तरी तीन महिन्यांनी ती पुन्हा करावी, कारण सुरुवातीच्या काळात बाधा तपासणीत दिसत नाही. हिपॅटायटिस-सी आता बरा होतो. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात त्याची औषधे विनामूल्य आहेत आणि बहुतेकांना बारा आठवडे गोळ्या पुरतात. आमच्या विद्यार्थ्याने त्या पूर्ण केल्या आणि त्याचे रक्त आज निर्मळ आहे. त्याच्या चार सोबत्यांपैकी तिघांनी तपासणी करून घेतली; दोघांत तोच आजार निघाला आणि तेही उपचारावर आहेत. चौथा दोनदा सांगूनही आलेला नाही. आम्ही त्याच्या घरी पुन्हा जाणार आहोत.

पोलीस भरतीचे वय त्या विद्यार्थ्याच्या हातात अजून आहे, पण हृदय साथ देणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. सध्या तो आमच्या ग्रंथालयात काम करतो आणि मुलांच्या कबड्डीची शिट्टी वाजवतो. या लेखातील त्याचा मजकूर त्याने स्वतः वाचून दोन ठिकाणी दुरुस्त केला. 'फसला' असा शब्द आम्ही लिहिला होता, तो त्याने खोडला.

नववीतला तो मुलगा आता बारावीत आहे. त्याची क्षमा आम्ही सर्व मुलांसमोर मागितली. वसतिगृहाच्या आरोग्यकक्षात वापरलेल्या सुया टाकण्यासाठी जाड, टोचणार नाही असा बंद डबा ठेवला आहे, आणि तोंडाने औषध चालत असेल तेथे सुई द्यायची नाही, असे परिचारिकाताईंनी ठरवले आहे. पालकांची त्यावर तक्रार येते, ती आम्ही ऐकून घेतो. वर्धापनदिनाच्या मेळाव्यात सकाळच्या वंदनेनंतर आरोग्यकक्ष दिवसभर उघडा असेल. ज्यांची हिपॅटायटिस-बीची लस घ्यायची राहिली आहे त्यांनी नाव नोंदवावे. तिच्या तीन मात्रा सहा महिन्यांत पूर्ण होतात. ज्यांना एकांतात काही बोलायचे असेल, त्यांच्यासाठी मागचे दार वेगळे ठेवले आहे, आणि तेथे नावाची वही नाही.